थोरल्या ओळीची तेजी

ऊस तुटायला लागला की आमच्याकडे आधी वारा बदलतो. पुरुषोत्तमनगरच्या साखर कारखान्याच्या बाजूनं आला तर मळीचा वास आणतो, शेताकडून आला तर ओल्या पाचटाचा. अंगणात वाळत घातलेल्या कपड्यांनाही तो गोडसर आंबूस वास लागतो आणि होळीपर्यंत जात नाही. यंदा आमच्या शेतात तोडणीला यंत्र आलं आहे. ते दिवसभर घरघरत असतं आणि माणसं बांधावर नुसती उभी राहून बघतात. पण यंत्र असो की कोयता, एक गोष्ट तशीच आहे. ऊस चारी बाजूंनी तुटत आत सरकतो आणि शेवटी शेताच्या मधोमध एक तुकडा तेवढा उभा राहतो. बाहेरून तो मुका दिसतो. आत सगळी असतात: कोल्हे, ससे, मुंगसं, रानमांजरं, डुकरं. कडेचा आसरा जाईल तशी ती आत सरकत गेलेली असतात आणि आता एकमेकांना खाणारी जनावरं एकमेकांच्या अंगाला अंग लावून बसलेली असतात.

काल संध्याकाळी गच्चीवरून मला तो तुकडा दिसला. खाली अंगणात खाटेवर आप्पा बसले होते. आप्पा म्हणजे माझे सासरे. त्यांनी मान वर करून वारा हुंगला.

“आज नही निंघाऊत. सकाय निंघतीन,” ते म्हणाले. आत काय दडलंय आणि ते कधी बाहेर पडेल, हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं. आता विचारत नाही कुणी.

मी या घरात आले तो हंगाम मला अजून अंगावर जाणवतो. माहेर माझं नंदुरबार शहरातलं. आमच्याकडे कुत्रं म्हणजे पायरी चढलं तर पाणी फेकून हाकलायची गोष्ट. इथे पहिल्याच सकाळी सासूबाईंनी, म्हणजे मायनी, मला चुलीपुढे बसवलं आणि परातभर बाजरीचं पीठ समोर ठेवलं. इतक्या भाकरी कुणाला, असं मी विचारलं.

“कुत्रास्ले,” माय म्हणाल्या. “पैलं त्यास्ले, मंग आपले.”

गोठ्याला लागून कुत्र्यांची वेगळी खोली होती, शेणानं सारवलेली. माझ्या हातात ताकात कुस्करलेल्या भाकरीची घमेली होती आणि दार उघडताच समोर जी जनावरं उभी राहिली, ती मला कुत्री वाटेनात. उंच, वाळूच्या रंगाची, बरगडी न् बरगडी दिसणारी, लांबट निमुळत्या तोंडाची. भुंकणं नाही, उड्या नाहीत. नुसती बघत उभी. ही कारवानी, सशामागे सोडायची शिकारी जात. आप्पांनी ती लातूरकडून आणि जतकडून आणलेल्या माद्यांपासून वाढवली होती. घराण्याचे कुळपुरुष सांगावेत तशा त्या कुत्र्यांच्या पिढ्या त्यांना तोंडपाठ होत्या. लातूरच्या मादीची ती थोरली ओळ आणि जतच्या मादीची ती धाकटी. धाकट्या ओळीचा जबडा भक्कम, पण स्वभाव हट्टी. थोरल्या ओळीची कुत्री पळायला वाऱ्यासारखी आणि तोंडानं मुकी. ससा दिसला, की आवाज न करता सुटायचं आणि आवाज न करता मारायचं. आप्पांचा जीव थोरल्या ओळीवर होता.

ते मला शिकवत. सून म्हणून नव्हे, समोर ऐकणारं माणूस होतं म्हणून. कुत्रीच्या पाठीवर हात ठेवून सांगत, की कमरेवरच्या या दोन हाडांमध्ये बोटं मावली पाहिजेत. छाती खोल पाहिजे आणि पोट पाठीला लागलेलं पाहिजे. पंजा सशासारखा लांब पाहिजे, मांजरासारखा गोल नको. शौकीन मंडळी गाड्या घेऊन यायची. चहा व्हायचा, वाद व्हायचे. कुणी कानांवर रेशमी केस असलेल्या पश्मीचं कौतुक करायचं. आप्पा म्हणायचे, “ते नवरदेवनं कुत्रं शे. वरातमा चालस, फडमा नही.” कुणी रामपुरीचं नाव काढलं, तर “जबडा शे, डोकं नही.” मुधोळच्या कुत्र्यांबद्दल ते वाईट बोलत नसत. गप्प बसत. तो त्यांचा मान होता.

आणि म्हातारं झालेलं रक्त? वजीर नावाचा त्यांचा जुना नर होता. निम्मी थोरली ओळ त्याचीच. हंगामाच्या सुरुवातीला एक ससा त्याच्यासमोरून निघून गेला आणि वजीर थोडा धावून थांबला, धापा टाकत बसला. आप्पांनी ते पाहिलं. दुसऱ्या दिवशी माझ्या नवऱ्यानं, विलासनं, त्याला जीपमध्ये घातलं आणि विसरवाडीला महामार्गावर सोडून आला. तिथे ट्रक थांबतात, ढाब्यांवर हाडं मिळतात, कुत्रं उपाशी राहत नाही, असं विलासनं मला जेवताना सांगितलं. मी काही विचारलं नव्हतं. वजीरची जागा मायनी त्याच दुपारी सारवून घेतली.

त्या वर्षीही तोडणीला रूपसिंगची टोळी आली. रूपसिंग खापर गावाच्या वरच्या डोंगरातला. घरी त्याची भिली बोली, आमच्याकडे आला की अहिराणी. दिवाळी झाली की बायकापोरं, भांडीकुंडी, कोंबड्या आणि कुत्री घेऊन ट्रॉलीतून उतरायचा. आमच्या शेताच्या कडेला त्यांच्या कोप्या, पाचटाच्या झोपड्या, पडायच्या. त्याच्या कुत्र्याचं नाव काल्या. काळा, छातीवर पांढरा ठिपका, कान उभे, शेपूट पाठीवर वळलेली, एक कान मधोमध चिरलेला. तो रूपसिंगनंच चिरला होता, पिल्लू असताना. कान चिरला की कुत्रा जागा राहतो म्हणे. शिकारीच्या आदल्या दिवसापासून तो काल्याला काही खायला द्यायचा नाही. मी एकदा भाकरीचा तुकडा टाकला तर त्यानं पायानं बाजूला सारला.

“नको, वयनी. पोट भरनं का कुत्रा झोपस.”

संध्याकाळी तो अंगणात येऊन उकिडवा बसायचा आणि आप्पांचा आणि त्याचा वाद रंगायचा. दोघांनाही दुसऱ्याचं कुत्रं आवडायचं नाही आणि दोघांनाही त्याच्याबद्दल बोलल्याशिवाय राहवायचं नाही.

“पाटील, तुन्हा कुत्रा डोयावर जगस,” रूपसिंग म्हणायचा. “ससा डोयापुढे शे तवलोंग राजा. ससा काटामा घुसना, का राजा उभा.”

“आनि तुन्हा?”

“मन्हा नाकवर जगस. कालना वास बी धरस.”

“धरीसन करस काय? भुकस! चोर उना म्हनीसन बोंबलस.”

“भुकस ना. तो भुकस म्हनीसन डुक्कर उभं ऱ्हास. मी येस, भाला लावस. तुन्हा मुका जाईसन चावस नि फाटस. जो भुकस तो जगस, पाटील.”

“जगाले काय, डुक्कर बी जगस,” आप्पा म्हणायचे आणि दोघंही हसायचे.

त्यांच्या त्या हसण्याची मला तेव्हा भीती वाटली नाही. उलट घरात कुणीतरी आप्पांशी बरोबरीनं बोलतंय, याचं बरं वाटलं होतं.

तेजी ही थोरल्या ओळीची शेवटची मादी. तिचाच एक मुलगा होता, बाण. ओळ घट्ट करायची म्हणून आप्पांनी आईवर मुलगाच दाखवायचा ठरवला होता. मला ते ऐकून कसंतरी झालं. माझ्या चेहऱ्याकडे बघून ते म्हणाले की रक्त पातळ होऊ द्यायचं नसेल तर बाहेर जायचं नाही. तेजीला माज आला तेव्हा दोघांना त्या खोलीत कोंडलं होतं. पण खोलीचं मागचं कूड जुनं होतं आणि शेताच्या कडेला काल्या मोकळा होता.

पौषात तेजी व्यायली. ऊन अंगणात उतरायला लागलं होतं. आप्पा घोंगडी पांघरून खोलीत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. मी दारातून डोकावले. चिंध्यांवर पिल्लं होती, मिटल्या डोळ्यांची, एकमेकांवर चढणारी. काही वाळूच्या रंगाची. काही काळी, छातीवर पांढरा ठिपका असलेली.

आप्पा ओरडले नाहीत. त्यांनी विलासकडून गोणपाट मागवलं. सगळी पिल्लं त्यात घालायला लागले तेव्हा विलास म्हणाला, “आप्पा, पिवयी तरी ठेवा. त्या बाणन्या शेतस.”

“दूध फाटनं का बठ्ठं फाटस,” आप्पा म्हणाले.

बातमी कोप्यांवर कशी गेली कोण जाणे. रूपसिंग हातात कोयता तसाच घेऊन पळत आला. आप्पा तेव्हा पंपाच्या हौदाशी पोचले होते.

“पाटील, थांब. काया-काया माले दे. मी संगे लई जास.”

“कसाले?”

“नाक काल्यानं, पाय तेजीना. आसं कुत्रं कोठे भेटी?” तो हसत होता. त्याला वाटलं होतं, हा आनंदाचाच विषय आहे. “डोंगरमा नाव व्हई तुन्हं.”

“तेच,” आप्पा म्हणाले. “मन्हं रगत डोंगरमा फिरी नि लोके म्हनतीन, देखा, पाटीलना घरनं. नही.”

त्यांनी गोणपाटात दगड घातला, तोंड बांधलं आणि ते पाण्यात सोडलं. ते वर येत होतं, म्हणून हातानं खाली धरून ठेवलं. कोपरापर्यंत हात पाण्यात. थंडीचे दिवस. रूपसिंग समोर उभा राहून बघत होता. तो काही मऊ मनाचा नव्हता, नको असलेली पिल्लं त्यानंही कितीदा मारली असतील. पण मागूनही दिली नाहीत, हे त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. आप्पांनी हात बाहेर काढला तेव्हा तो लालभडक झाला होता. माय आतून गरम पाणी घेऊन आल्या. आप्पा ओट्यावर बसून हात शेकत राहिले.

तेजी खोलीत बांधलेली होती. ती भुंकली नाही, रडली नाही. त्यानंतर कितीतरी दिवस ती कोपरा उकरत राहिली. चिंध्या उचलायची, हुंगायची, दुसरीकडे नेऊन ठेवायची. माझी एक चप्पल नेली आणि तिच्याभोवती वेटोळं घालून बसली. तिच्या थानांतून दूध गळत असायचं, सारवलेल्या जमिनीवर पांढरे डाग पडायचे, त्यावर मुंग्या यायच्या. मी भाकरी नेली तर ती माझ्याकडे बघायचीसुद्धा नाही. आप्पा आले, की मात्र उठून उभी राहायची.

शेवटचा तुकडा उभा राहिला तो दिवस संक्रांतीनंतरचा. अख्खा गाव बांधावर. रानडुक्कर मारायला बंदी आहे, हे तेव्हाही सगळ्यांना माहीत होतं आणि डुकरांनी लोळवलेला ऊसही सगळ्यांना दिसत होता. पोरांनी मोबाइल वर धरले होते. मी मायबरोबर तोडणाऱ्या बायांच्या जेवणाचं घेऊन आले होते आणि तिथेच थांबले. आप्पा बाण आणि तेजी दोघांना पट्ट्यात धरून आले, तेव्हा बायकांमध्ये कुजबूज झाली. तेजीची थानं चालताना हलत होती.

माझ्यासमोर माय कधी आप्पांना उलट बोलल्या नव्हत्या. त्या दिवशी म्हणाल्या, “आहो, वली बायतीन शे ती.”

आप्पांनी वळून पाहिलंही नाही. “तिन्हामा रगत शे का दूध, ते आज समजी.”

कोयत्यांचा आवाज चालू होता. तुकडा लहान होत होता. आधी ससे निघाले, मग एक कोल्हा, लोकांच्या पायांमधून वाट काढत. कुणी त्यांच्याकडे पाहिलं नाही. मग रूपसिंगनं काल्याला आत घातलं. पाचट वाजलं आणि आतून काल्याचं भुंकणं ऐकू यायला लागलं, एका जागेवरून, न थांबता. रूपसिंग भाला घेऊन वाकला. “शे,” तो म्हणाला. “मोठं शे.”

निघाली ती मादी होती. काळी, चिखलानं माखलेली, मानेवरचे केस उभे. आणि तिच्यामागे तिची पिल्लं, पाठीवर पट्टे असलेली, एकामागे एक. ती थेट मोकळ्या शेतात आली. आप्पांनी पट्टे सोडले.

बाण काय सुटला! आवाज नाही, भीती नाही. खोडक्यांच्या वरून उड्या घेत तो तिच्या कानाला जाऊन लटकला. आप्पा ओरडले, “देखी ल्या!” आणि तेवढ्यात डुकरीनं मान खाली घालून वर फेकली. बाणचं पोट घशापासून मागेपर्यंत उघडलं. तो पडला नाही. कान तोंडात धरून तसाच लोंबकळत राहिला, आणि ती त्याला ओढत फिरत राहिली. काल्या मागून भुंकत होता, पुढे येत होता, मागे सरकत होता. त्याच्यामुळे ती वळली आणि रूपसिंगनं बगलेत भाला घातला. ती मेल्यावरही बाणचा जबडा उघडेना. त्याचा जीव गेलेला होता. कोयत्याची मूठ घालून जबडा फाकवावा लागला.

त्या गडबडीत तेजीकडे कुणाचं लक्ष नव्हतं. माझं होतं. ती डुकरीकडे गेलीच नाही. पिल्लं बांधाकडे पळाली होती, तिकडे ती गेली. मला वाटलं, ती त्यांना चाटेल. इतके दिवस ती चपला आणि चिंध्या उराशी घेऊन बसली होती, म्हणून मला तसं वाटलं. तिनं एकेक पिल्लू मानेत धरलं, झटकलं, टाकलं. पुढचं. आवाज न करता, जराही न रेंगाळता. तिच्या थानांतलं दूध आणि त्यांचं रक्त एकाच मातीवर सांडत होतं. बघणाऱ्यांनी शिट्ट्या वाजवल्या. शेजारची बाई हसून म्हणाली, कशी सफाई बघा.

आप्पांचा बाण समोर फाटून पडला होता. तरी त्यांचा चेहरा उजळला. “रगत,” ते म्हणाले. “रगत शे.”

शेवटचं पिल्लू तिनं टाकलं नाही. तोंडात धरून ती सरळ घराकडे चालायला लागली. लोकांनी वाट दिली.

त्या संध्याकाळी कोप्यांवर डुकराचं मटण शिजलं. आप्पा कुत्र्यांच्या खोलीत गेले, मी कंदील धरला, कारण वीज गेली होती. तेजी कोपऱ्यात पडून होती आणि तिच्या पोटाशी ते पट्ट्यांचं पिल्लू, कधीचं थंड झालेलं. ती त्याला चाटत होती. नाकानं ढकलून थानाकडे नेत होती. चाटून चाटून तिनं त्याच्या अंगावरचं रक्त आणि चिखल पूर्ण काढला होता. ते नुकतंच न्हाऊ घातल्यासारखं दिसत होतं.

आप्पांनी हात घातला. त्यांचा हात तिच्या तोंडात नेहमीच जायचा. दात बघायला, औषध घालायला, शिकार सोडवायला. तिनं कधी ओठही वर केला नव्हता. आताही ती गुरगुरली नाही. गुरगुरली असती तर त्यांना कळलं असतं. थोरल्या ओळीची कुत्री आधी सांगत नाहीत. तिनं उजव्या हाताची बोटं दातांत धरली आणि दाबली.

विलासनं त्यांना शहाद्याला नेऊन सुया टोचून आणल्या. हाताला हे एवढं बँडेज. आप्पा शांत होते. घरातलं कुणी काही बोलायच्या आत त्यांनीच सांगितलं, हात खाल्लेलं रक्त ठेवायचं नाही, हा आपला नेम आहे.

“आप्पा, तीच एक उरनी शे,” विलास म्हणाला. “वजीर नही, बाण नही. ती गयी का थोरली ओयच गयी.”

“जावो.”

रूपसिंगला ते कळलं. आमच्या शिवारातलं काम संपलं होतं, टोळी दुसरीकडे निघाली होती, ट्रॉलीत सामान चढत होतं. तो अंगणात आला. या वेळी हसत नव्हता आणि उकिडवाही बसला नाही.

“पाटील, मारी टाकस त्यापेक्षा माले दे. पिल्लं मांगात, दिन्हात नही. हाई दे.”

मला वाटलं, आप्पा त्याला हाकलून देतील. आप्पा बँडेजच्या हाताकडे बघत राहिले. मग म्हणाले, “लई जा.”

ते तेव्हा मनापासून बोलले होते का, हे मला आजही कळत नाही. माय म्हणतात, हो. विलास म्हणतो, त्यांनी ठरवलंच होतं. मी त्यांचा चेहरा पाहिला होता आणि मला काही सांगता येत नाही.

रूपसिंगनं तेजीच्या गळ्यात दोर घातला आणि तिला ट्रॉलीत चढवलं. हंडे, गोधड्या, कोंबड्यांच्या खुराड्याजवळ ती उभी राहिली, काल्याच्या शेजारी. काल्या तिचं कानशील हुंगत होता. कोपऱ्यातलं ते पिल्लू मायनी सकाळीच काढून शेतात पुरलं होतं आणि तेव्हापासून तेजी शोधत नव्हती. रूपसिंगच्या बायकोनं तिच्यापुढे कालच्या हाडाचा तुकडा टाकला आणि ती खाली वाकून तो चघळायला लागली. ट्रॅक्टर सुरू झाला. आम्ही फाटकाशी उभे होतो. मला सुटल्यासारखं वाटलं. खरंच वाटलं. ट्रॉली पाटाच्या चारीवरच्या पुलावरून गेली, मोठ्या रस्त्याच्या वळणाला लागली. तेजीची शेपूट हलत होती. इतक्या लांबूनही ते दिसलं. या घरात मी तिची शेपूट हलताना कधी पाहिली नव्हती.

आप्पांनीही ते पाहिलं असणार. त्यांनी डाव्या हाताची बोटं तोंडात घातली आणि शीळ मारली.

कारवानीचं डोकं मानेपेक्षा निमुळतं असतं. साधा दोर त्यांना धरून ठेवू शकत नाही. तिनं मान मागे खेचली, दोर तिथेच राहिला आणि ती चालत्या ट्रॉलीवरून खाली उतरली. रूपसिंग ओरडला. ती धावायला लागली होती.

पूल, चारीची कड, मग आमचं रिकामं, तुटलेलं शेत. सगळ्या बाजूंनी मोकळं. एवढी तहानलेली, सुकलेली, ओली बाळंतीण कुत्री, पण खोडक्यांवरून ती आली ती जणू जमिनीला टेकतच नव्हती. चारी पाय पोटाखाली गोळा व्हायचे आणि एकदम उघडायचे. मान सरळ पुढे. कान मागे चिकटलेले. आवाज नाही. मी तिथे उभी राहून बघत होते. इतकं सुंदर मी काही पाहिलं नव्हतं, त्यानंतरही नाही. आप्पांच्या तोंडून निघालं, “वा!”

ती त्यांच्या पायांशी येऊन बसली, तोंड वर करून. जीभ बाहेर होती. त्यांनी फाटकाला टेकवलेली पहार उचलली.

माय आत गेल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं. उजवा हात बँडेजमध्ये होता, आप्पा डाव्या हातानं मारत होते, त्यामुळे ते एका घावात झालं नाही. ती उठून पळाली असती तर तिला कोण धरणार होतं? ती पळाली नाही. ओरडलीही नाही. वळणावर ट्रॉली थांबलेली होती आणि रूपसिंग तिच्यात उभा होता. तो खाली बसला आणि ट्रॅक्टर निघून गेला. त्यानंतर त्याची टोळी आमच्याकडे कधी आली नाही. गुजरातेत जाते, असं ऐकलं.

धाकट्या ओळीची कुत्री आप्पांनी शौकिनांना देऊन टाकली आणि या घरात नंतर कुत्रं ठेवलं नाही. त्या खोलीत आता खताच्या गोण्या आहेत. माझी मुलं तिथे लपाछपी खेळतात. आप्पांची उजव्या हाताची बोटं सरळ होत नाहीत. चहाचा कप ते दोन तळव्यांत धरतात. मी त्यांना आंघोळीचं पाणी काढून देते, जेवायला वाढते, औषधं देते. ते माझ्याशी नेहमी गोडच वागले. माझ्या लेकीला पायावर झुलवताना ते अहिराणीत जी गाणी म्हणतात, ती मला कुणी शिकवली असती तर बरं झालं असतं, असं वाटतं. हे सगळं त्याच एका माणसाचं आहे आणि मी त्याचा हिशेब जुळवायचा नाद सोडून दिला आहे.

शौकीन मंडळी अजून येतात, विशेषतः या दिवसांत. काल दोन तरुण आले होते. त्यांच्याकडे मुधोळची जोडी आहे, पश्मी घ्यायचा विचार चाललाय. मोबाइलवरचे फोटो दाखवत होते. कोणतं रक्त खरं, असं त्यांनी आप्पांना विचारलं. आप्पांनी फोटो नीट पाहिले, पंजांबद्दल, कमरेबद्दल बोलले. मग थोरल्या ओळीचं सांगायला लागले आणि सांगत सांगत तेजीवर आले. दुसऱ्याला देऊन टाकलेली कुत्री, दोर घातलेली, ट्रॉलीत चढवलेली, वळणापर्यंत गेलेली. आणि एक शीळ. ती कशी उतरली, पूल कसा ओलांडला, शेत कसं कापलं, ते सांगताना त्यांचे डोळे भरून आले. “मन्हा हात खायेल व्हता तिनी,” ते म्हणाले, वाकडी बोटं पुढे करून. “तरी बी परत उनी. एक शिटीवर. याले रगत म्हनतस.”

तरुणांचेही डोळे ओले झाले. एकानं विचारलं, “मग, आप्पा? पुढे?”

मी चहा घेऊन दारात उभी होते. आप्पांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

“पुढे काय,” ते म्हणाले. “उनी ना.”